कोरडी बादली

ज्या सकाळी जगातली सगळी अंतराळदलं एकाच वेळी मेली, त्या सकाळी चिपळुणात ऋजुता साळवीच्या घरी भाजणीचे वडे होते. तिने तिसरा वडा तोंडात कोंबला, हात पँटला पुसले, नव्या खुर्चीत बसून पट्टा आवळला, आणि ज्या वळणामुळे गेली सहा वर्षं तिला 'कोकणची वीज' म्हणत होते, ते वळण घेतलं.

पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं उमटली : 'आपण मेला आहात. कारण : वळण.'

"काय झालं गं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"मेले."

"वडा अडकला?"

"नाही. वळण घेतलं."

"तरी मी सांगते सगळ्यांना, घाटाने जाऊ नका," आई म्हणाली आणि पुढचा वडा तेलात सोडला.

'आकाशरण' हा खेळ तेव्हा जगभरात एक्केचाळीस लाख लोक रोज खेळत. त्यातले बहुतेक त्या सकाळी पहिल्या मिनिटातच गेले. शत्रूने एकही गोळी झाडली नव्हती. शत्रूही गेला होता.

झालं होतं एवढंच, की कंपनीला प्रामाणिकपणाचा झटका आला होता. खेळांमधली यानं आजवर कशीही वळत. सेकंदाला तीन किलोमीटर वेगाने जाणारं यान दोन सेकंदांत गर्रकन मागे फिरे, आणि आतला वैमानिक वर विनोदही करे. आता याचं गणित मांडलं, तर त्या दोन सेकंदांत वैमानिकाचं वजन चारशे ऐंशी पट होतं. म्हणजे साठ किलोची ऋजुता जवळजवळ एकोणतीस टनांची. दोन भरलेल्या एसट्या, टपावरच्या सामानासकट. अशा माणसाला विनोद सुचत नाही.

हे भार आजवर कुणाला जाणवले नाहीत, कारण खेळणारा आपल्या घरात, आपल्या खुर्चीत असे. नवी खुर्ची आली आणि ही सोय गेली. आपल्या कानाच्या आत, पार खोल, दोन इवल्याशा पिशव्या असतात. त्यात खसखशीहून बारीक खडे, चिकट थरावर बसवलेले. आपण पुढे झेपावलो की खडे मागे रेंगाळतात, त्यांच्याखालचे केस वाकतात आणि मेंदूला बातमी जाते : निघाली गाडी. शेजारी द्रवाने भरलेली तीन वेटोळी असतात, ती वळणांची खबर देतात. 'भारखुर्ची' कानामागे दोन चकत्या लावून, त्यातून अगदी हलका प्रवाह सोडून ही बातमीच बदलायची. खडे जागच्या जागी, पण मेंदूला तार गेलेली. सोबत अंगातला हवेचा झगा हातपाय दाबायचा, आणि तुमचा रक्तदाब मोजून कंपनी ठरवायची की खऱ्या यानात एव्हाना तुमच्या डोक्यात किती रक्त उरलं असतं. कमी उरलं की पडदा मंद. संपलं की काळा.

इजा कुणालाच होत नव्हती. इज्जत मात्र सगळ्यांचीच गेली.

पहिल्या आठवड्यात लोक शहाणे झाले. यानं हळू वळायला लागली. लढाया आता पाचशे किलोमीटरवरून होत; एक यान गोळा सोडे, दुसरं सावकाश बाजूला होई, मग पहिलं सावकाश वळे. एक लढाई नऊ तास चालली आणि अनिर्णित राहिली, कारण एका बाजूच्या सेनापतीला ऑफिसला जायचं होतं. प्रेक्षक पांगले. तेव्हा कंपनीने घाईघाईने एक नवी स्पर्धा काढली : कुटुंब फेरी.

ऋजुताला ती संघाच्या व्यवस्थापक पर्णा टिपणीस यांनी फोनवर सांगितली. टिपणीसबाई वाईट बातमी नेहमी वर्तमानपत्र वाचल्यासारखी देत.

"तुझा रक्तदाब कमी आहे ऋजुता. तू साडेतीन जीला जातेस."

जी म्हणजे जमिनीवर उभं असताना आपलं जे वजन असतं ते. साडेतीन जी म्हणजे त्याच्या साडेतीनपट. संघातली बाकीची मुलं सहापर्यंत टिकत होती.

"मी व्यायाम करीन."

"कर ना. पण हंगाम पुढच्या महिन्यात सुरू होतोय आणि तुझ्या जागेसाठी रांग लागलीय. एकच वाट आहे. कुटुंब फेरीत पहिल्या दोन घरांना हंगामाची पक्की जागा आहे. एका घरातले तिघं लागतात. वैमानिक, सहवैमानिक आणि प्रवासी."

"प्रवासी काय करतो?"

"बसतो," टिपणीसबाई म्हणाल्या. "आणि शक्यतो उलटी करत नाही."

नियम साधे होते. एका अंतराळस्थानकावरून साडेतीन हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या स्थानकावर आजारी राजदूताला पोचवायचं. राजदूताच्या जागी घरातलाच माणूस, त्यालाही भारखुर्ची. त्याला पडदा नाही, खिडकी नाही. त्याच्या मांडीवर कंपनीने मोहोर लावून पाठवलेली बादली, जिच्या तळाशी वजनकाटा. बादलीत पडेल त्या प्रत्येक ग्रॅममागे तीन सेकंदांचा दंड. आणि प्रवाशाचा कान नाजूक हवा. दहापैकी निदान सात.

ऋजुताच्या घरी माणसं तीनच होती, त्यामुळे निवड करण्याचा त्रास नव्हता. तिने मोजणीयंत्र आईच्या कानाला लावलं. यंत्र बराच वेळ विचारात पडलं आणि मग म्हणालं : 'कृपया यंत्र माणसाच्या कानाला लावावे.' दुसऱ्यांदा लावल्यावर त्याने मुकाट्याने आकडा दाखवला. नऊ पूर्णांक सात.

यात घरच्यांना नवल नव्हतं. शैला साळवींना रिक्षा लागे, झोपाळा लागे, फिरता पंखा फार वेळ पाहिला तर पंखा लागे. माहेर पाटणला, कुंभार्ली घाट चढून गेलं की दोन तासांवर. पण त्या घाटाने कधी जात नसत. रेल्वेने पनवेल, तिथून पुणे, पुण्याहून पाटण, अशा दीड दिवसाच्या प्रवासाने जात. वाटेत उलट्या व्हायच्याच, पण त्या परक्यांच्या गाडीत. यातली मौज अशी, की त्यांचे यजमान मधुकर साळवी एसटीत ड्रायव्हर होते, आणि एकतीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं, कुंभार्ली घाट चढला आणि उतरला.

ते आता निवृत्त होते. सकाळी नारळ सोलत, दुपारी पेपर वाचत, आणि संध्याकाळी गेटाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गिअर बदलणं ऐकत व मान हलवत. लेकीच्या धंद्याबद्दल त्यांचं मत एका वाक्यात होतं. कुणी विचारलं, "मुलगी काय करते?" तर सांगत, "बसलेली असते."

फेरीला बारा दिवस होते. ऋजुता सराव करायला बसली. पहिल्या प्रयत्नात तिने चार जीने यान उडवलं आणि पडदा मंद होत होत काळा झाला. दुसऱ्यात तिने तीन मिनिटं जोर लावून इंजीन बंद केलं, की आता तरंगत जाऊ. इंजीन बंद होताच वजन शून्य झालं, कानातले खडे सुटे झाले, आणि तिलाच मळमळलं. तिसऱ्या वेळी दोन्ही झालं.

बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"गाडी हाकतेयस की कुणाला मारायला निघालीयस?"

"बाबा, प्लीज."

"नाही, विचारतोय. ब्रेक म्हणजे पाय आपटायची जागा नव्हे. मागे म्हाताऱ्या असतात. पोरं असतात. एखादीच्या हातात अंड्यांचा ट्रे असतो."

"अंतराळात अंडी नसतात."

"तुझ्या आईला बसवणार आहेस ना? मग अंडीच समज."

"मग तुम्ही चालवून दाखवा!" ऋजुता म्हणाली. ते रागात म्हणाली होती, पण बाबांना राग आणि आमंत्रण यांतला फरक नीटसा कळत नसे. त्यांनी कप खाली ठेवला, खुर्चीत बसले, नसलेला आरसा नीट केला, सुकाणूला हात लावून तो कपाळाला लावला, आणि स्वस्थ बसून राहिले.

मिनिट गेलं.

"बाबा, निघा ना."

"बेल दे."

"काय?"

"डबल बेल. कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही."

"बाबा, हे यान आहे! याच्यात कुणी चढत नाही, उतरत नाही."

"तुला काय माहीत? तू मागे बघितलंस?" बाबा शांतपणे म्हणाले. "एकतीस वर्षांत एकदाही बेलशिवाय सोडली नाही. आता नव्याने वाईट सवय कशाला?"

ऋजुताने कंपनीने फेरीसाठी पाठवलेल्या शेजारच्या खुर्चीत बसत चहाचा चमचा उचलला आणि शेजारच्या स्टीलच्या फुलपात्रावर दोनदा मारला. टिंग टिंग.

काही झालं नाही. निदान तिला तसं वाटलं. सहवैमानिकाच्या खुर्चीत तिचं अंग होतं तसंच राहिलं. भाराचा काटा एकवर होता. तिला वाटलं बिघडला. मग तिने वेगाचा आकडा पाहिला. यान केव्हाच निघालं होतं. स्थानक स्वतःभोवती फिरत राहून आतल्यांना घरच्याइतकं वजन देत असे. ते सोडताना सगळे वैमानिक क्षणभर अधांतरी लोंबकळत आणि मग इंजीन दणकन लावत. बाबांनी इकडून पकड सुटता सुटता तिकडून इंजीन उचललं होतं. क्लच सोडत ॲक्सिलरेटर द्यावा तसं. मध्ये केसाएवढीही फट नव्हती.

आणि नंतर ते तसंच राहिलं. एक जी. एक जी. एक जी. दहा मिनिटं.

भौतिकशास्त्रात हे शंभरेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. फक्त ते कुणी एसटी ड्रायव्हरला कळवलं नव्हतं आणि त्याचं काही अडलंही नव्हतं. बंद खोलीत बसलेल्या माणसाला, ती खोली जमिनीवर ठेवलीय की अंतराळात सेकंदागणिक सेकंदाला दहा मीटरने वेग वाढवत चाललीय, हे सांगता येत नाही. दोन्हीकडे पाय तेवढेच जड, पेला तेवढाच स्थिर. बरोबर एक जी राखणारं यान आतून घरासारखं असतं. आणि ते हळू नसतं. दहा मिनिटांत सेकंदाला सहा किलोमीटर वेग गाठतं. चिपळूण ते मुंबई पाऊण मिनिटाच्या आत.

"डॅशबोर्डावर पाण्याचा पेला ठेवायचो मी," बाबा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "काठोकाठ. पोफळीपासून वर घाटमाथ्यापर्यंत. पहिली पाच वर्षं रोज पँट भिजायची. मग नाही."

"कशासाठी पण? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही," बाबा म्हणाले, आणि एकदम खोकल्यासारखं करून वेगाचा आकडा बघू लागले.

ऋजुता गच्चीवर गेली. वाळत घातलेले कपडे तिने तासभर उगाच उलटेसुलटे केले. सहा वर्षं तिच्या नावाच्या टोप्या निघत होत्या, आणि आता आपल्या सुकाणूवर बापाला बसवून आपण मागे फुलपात्र वाजवायचं! 'कोकणची वीज' ते 'कोकणची बेल'. संघातली मुलं हसून लोळली असती. पण स्वतः चालवलं तर आईच्या बादलीत काय पडेल, याचा हिशोब तिला ग्रॅममध्ये येत होता. ती खाली आली.

"बाबा, पुढच्या रविवारी काय करताय?"

"नारळ सोलायचेत."

"शनिवारी सोला."

बाबांनी मान डोलावली. मग जरा वेळाने, पेपरच्या आडून : "तू रडार चांगलं वाचतेस हं. मी बघितलंय. कंडक्टर म्हणून चालशील."

त्यांच्या तोंडून इतकी मोठी स्तुती त्या घराने प्रथमच ऐकली.

रविवारी सकाळी दहाला आठ घरं आपापल्या दिवाणखान्यांत पट्टे आवळून बसली होती. सगळ्यांवर कंपनीचे कॅमेरे. आईने साडीचा पदर खोचला होता, डोळे मिटले होते आणि गालात मिठातला आवळा धरला होता. मांडीवर मोहोरेची बादली. ती बादली तिने आदल्या दिवशी घासली होती, म्हणून कंपनीने तिच्यावर पुन्हा मोहोर लावून घेतली होती.

हिरवा दिवा लागला. सात यानं सुसाट सुटली. आठवं जागेवर उभं.

"साळवी कुटुंबाच्या यानात काही तांत्रिक अडचण दिसते," समालोचक म्हणाला.

ऋजुता रडार चाळत होती. बाबा समोर बघत होते. दहा सेकंद गेल्यावर तिच्या ध्यानात आलं आणि तिने चमचा इतक्या जोरात मारला की फुलपात्राला पोचा पडला. टिंग टिंग! यान निघालं. अकरा सेकंद गेले होते.

"उशिरा दिलीस," बाबा म्हणाले.

"निघायचं होतं तुम्ही!"

"बेलशिवाय?"

पुढे बहुतेक यानं चार-चार जीने धावत होती. मागून आईचा आवाज आला, डोळे मिटलेलेच.

"सुटली का हो?"

ऋजुता 'हो' म्हणणार होती. बाबांनी हात वर केला.

"अजून नाही. वेळ आहे. ड्रायव्हर चहा पितोय."

"बरं," आई म्हणाली, आणि खुर्चीत जरा सैलावून बसली.

ऋजुताने बाबांकडे पाहिलं. आकडा सेकंदाला एक किलोमीटर दाखवत होता. बाबांनी डोळा मारला. तिने त्यांना असं करताना आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्यांनाही सवय नसावी, कारण दोन्ही डोळे मिटले गेले.

चौथ्या मिनिटाला ऋजुताला दिसलं : रडारच्या पार टोकाला एक बारकासा ठिपका. मेलेला उपग्रह, कंपनीने मुद्दाम सोडलेला. इतर यानं जवळ आल्यावर हिसका देऊन चुकवणार होती.

"बाबा, पुढे काहीतरी आडवं आहे. दोन मिनिटांवर," ती आईला ऐकू जाणार नाही असं कुजबुजली.

"जनावर?"

"उपग्रह."

"हॉर्न दे."

"अंतराळात आवाज जात नाही, बाबा."

"त्याला नाही गेला तरी आपल्या मनाला बरं वाटतं." पण त्यांनी सुकाणू अर्ध्या अंशाने कलवलं होतं. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही. कानातल्या खड्यांना पत्ताही लागत नाही. दोन मिनिटांत तेवढ्यानेच यान सहाशे मीटर बाजूला गेलं आणि उपग्रह डाव्या अंगाने, बराच लांबून, निघून गेला.

"लवकर सांगितलंस," बाबा म्हणाले. "लवकर सांगितलं की घाट सपाट होतो."

पुढच्या यानांचं काय चाललं होतं ते समालोचक प्रेक्षकांना उत्साहाने सांगत होता. कानपूरच्या घराने इंजीन बंद केल्यावर त्यांचे आजोबा तरंगू लागले आणि बादली भरू लागली : तीनशे दहा ग्रॅम. कोईमतूरच्या घराने उपग्रहाला हिसका दिला : दोनशे ऐंशी. एका घरात प्रवाशाला बघून वैमानिकालाच झाली, ती मोजावी की नाही यावर वाद सुरू होता.

"अहो," आई म्हणाली, "किती वेळ लावतोय हा ड्रायव्हर?"

"येईल. पान खातोय आता."

"एक सांगू का?" आई म्हणाली. उभ्या गाडीत माणसाला बोलायला सुचतं. "मला तेव्हा उलटीचं काही नव्हतं वाटलं."

"कधी?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. पाटणहून येताना. तुमचीच गाडी होती, तुम्हीच चालवत होता. काय ती चालवत होता! सगळं वऱ्हाड एकमेकांच्या अंगावर. तिसऱ्या वळणाला मला झाली, नव्या शालूवर. सगळे हसले. ते असू दे. पण तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाहीत."

आठ देशांतले लोक हे ऐकत होते, सुदैवाने भाषांतर उशिरा पोचत होतं.

"घाटात मागे बघत नाहीत, शैला," बाबा म्हणाले.

"ते मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? मी वीस वर्षांची होते. म्हटलं, या माणसाच्या गाडीत परत बसायचं नाही. आणि नाही बसले."

"ऐकलं होतं मी," बाबा म्हणाले. "मागून. दुसऱ्या दिवसापासून पेला ठेवायला लागलो."

"कसला पेला?"

बाबांनी सुकाणूवरची पकड नीट केली. नवव्या मिनिटाचा आकडा लागला होता, आणि सगळ्यात कठीण जागा पुढे आली होती.

अर्ध्या वाटेवर यान उलटं करावं लागतं. शेपूट पुढे, तोंड मागे, म्हणजे तेच इंजीन ब्रेक होतं. सगळे इंजीन बंद करून गिरकी घेतात, आणि तिथेच उरलेसुरले प्रवासी खलास होतात. इंजीन चालू ठेवून हळू उलटायचं, तर मधल्या तीन मिनिटांत ते यानाला भलतीकडेच ढकलत राहतं. बाबांनी हे सरावात पाहिलं होतं आणि म्हणाले होते, "यात काय आहे? वळणाआधी गाडी बाहेरच्या अंगाला काढायची." म्हणून सहाव्या मिनिटापासूनच त्यांनी यान उजवीकडे सरकवत आणलं होतं. समालोचक हसत होता : साळवी कुटुंब रस्ता चुकलं आहे.

"एक अंश सेकंदाला," ऋजुता पुटपुटली. "त्याहून जास्त नको, वेटोळ्यांना कळेल. सांगते मी. बत्तीस... तेहेतीस... जरा सावकाश... पन्नास..."

ती मोजत होती आणि बाबा वळवत होते. आकाशातले तारे घड्याळाच्या काट्यासारखे सरकत होते. एकदाही त्यांनी 'कळलं' म्हटलं नाही, तिनेही 'बघा हं' म्हटलं नाही. एकशेऐंशी. यान उलटं झालं होतं, उजवीकडची सरक नेमकी खाऊन टाकली गेली होती, आणि स्थानक शेपटीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत उभं होतं. काटा एकवर. समालोचकाने हसणं थांबवलं आणि घसा साफ केला.

बाविसाव्या मिनिटाला यान स्थानकाला लागलं. इतकं अलगद की ऋजुताने सवयीने एक बेल दिली, म्हणून थांबल्याचं कळलं. टिंग.

आईने डोळे उघडले.

"नाही ना सुटणार आज?" ती म्हणाली. "तरी मला वाटलंच. चला, कुकर लावते." आणि गालातल्या आवळ्याची बी बादलीत टाकून ती उठली.

बी दोन ग्रॅमची होती. दोन ग्रॅम म्हणजे सहा सेकंद. मेघालयातल्या एका घराचा प्रवासी सुरुवातीपासून शेवटपर्यंत झोपला होता, त्याची झोप मोडू नये म्हणून यानही जपून हाकलं होतं, आणि ते घर साळवींच्या पुढे चार सेकंदांनी पहिलं आलं. बाकी सहाही घरं बादलीसकट पंचवीस मिनिटांच्या पलीकडे होती.

"दुसरा नंबर," टिपणीसबाई फोनवर म्हणाल्या, वर्तमानपत्रासारख्याच. "जागा पक्की. पण नोंदणीत तुझं पद काय लिहू? सहवैमानिक?"

ऋजुताने फुलपात्राचा पोचा अंगठ्याने चाचपला. "कंडक्टर लिहा," ती म्हणाली.

हंगाम संपल्यावर आईने स्वतःहून जाहीर केलं की आपण पाटणला घाटाने जाणार. एका खासगी कंपनीची नवी बस सुरू झाली होती, बिनड्रायव्हरची, थंडगार, पडद्यांची. तिघंही पुढच्या सीटवर बसले. बाबांसमोर ड्रायव्हरची जागा नव्हती, नुसती काच होती. ते तरीही दोन्ही हात मांडीवर सुकाणू धरल्यासारखे ठेवून बसले. बस बेल न घेताच सुटली. बाबांनी मान हलवली.

"आवळा देऊ?" ऋजुताने विचारलं.

"कशाला? मला आता काही होत नाही," आई म्हणाली. "साडेतीन हजार किलोमीटर गेलेय मी."

पोफळी गेलं. पहिलं वळण बसने वेळेवर घेतलं. दुसरं अगदी नियमात. तिसऱ्या वळणाला ती कडेला आल्यावर वळली, आतून वळली, आणि आईने बाबांच्या खिशातली पिशवी हिसकावून घेतली.

बाबांनी तिचं कपाळ धरलं, पाठीवर हात फिरवला. या वेळी ते पूर्ण वळून तिच्याकडेच बघत होते. समोर बघायचं काम त्यांच्याकडे नव्हतं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं होतं, की ते निवृत्तीच्या सत्कारातल्या फोटोतही नव्हतं.

"बघितलंस?" ते ऋजुताला हळूच म्हणाले. "वळणाआधी बाहेर काढली नाही."

आईने पदराने तोंड पुसलं. जरा वेळ ती काचेतून वर चढत जाणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली.

"एकतीस वर्षं इथून तुम्ही रोज जायचात," ती म्हणाली. "तेव्हा बसायला हवं होतं मी."

बाबांनी दुसरी पिशवी उलगडून तिच्या हातात दिली.

"अजून वळणं पुष्कळ आहेत," ते समाधानाने म्हणाले.